पाहुणे आले, आता सोलापूर काय दाखवायचं?

दिवाळी झाली की सोलापुरात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते आणि संक्रांतीच्या गड्ड्यापर्यंत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेपर्यंत, टिकते. "आमच्याकडं बघायला काय आहे?" असं आपणच म्हणतो आणि त्यांना तुळजापूरच्या गाडीत बसवून देतो. या विषयावर आलेल्या पत्रांतली काही निवडून इथं उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पुण्याहून नणंद, तिचे यजमान, तिच्या सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात) आणि आठ वर्षांचा भाचा येणार आहेत. शनिवार-रविवार दोनच दिवस. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट तिन्ही करायचं म्हणतात, शिवाय गावही बघायचं आहे. कसं बसवू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

बसत नाही. आधी अंतरं बघा. अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७० आणि तिन्ही तीन दिशांना. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या वर होतात. त्यात दर्शनाच्या रांगा धरल्या तर आजींचे गुडघे आणि भाच्याची सहनशक्ती दोन्ही पहिल्या दिवशीच संपतील. एकच तीर्थ निवडा आणि ते रविवारी सकाळी ठेवा. निवडताना वार-तिथी बघा. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा, अक्कलकोटला गुरुवार, पंढरपूरला एकादशी या दिवशी गर्दी ठरलेली. साध्या रविवारी तिन्हीकडं जाता येतं, पण आजींना सोयीचं अक्कलकोट. ते जवळ आहे आणि तुळजापूरसारख्या पायऱ्या उतराव्या लागत नाहीत. तिथं संस्थानच्या राजवाड्यातलं शस्त्रागार आहे, भाच्यासाठी तेवढा वेळ काढा.

पाहुण्यांना शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं यायला सांगा. रात्री पोचतात, झोप मिळते आणि शनिवारची सकाळ हातात राहते. गावाची खरी वेळ सकाळचीच.

शनिवारी सातच्या सुमारास घर सोडा आणि पहिल्यांदा सिद्धेश्वर मंदिरात जा. किल्ला नंतर. बहुतेक लोक उलटं करतात आणि उन्हं चढल्यावर मंदिराच्या फरशीवर अनवाणी पाय भाजून घेतात. हिवाळ्यातही अकरानंतर फरशी तापते. मंदिर तलावात आहे. आत जायचा रस्ता सपाट असल्यामुळं आजींना त्रास होणार नाही. सिद्धरामेश्वरांची योगसमाधी याच आवारात आहे, गाभाऱ्यातलं दर्शन झाल्यावर तिथं आवर्जून न्या. पाहुणे विचारतातच म्हणून दोन वाक्यं तयार ठेवा : बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांच्या काळातले वचनकार. हा तलाव त्यांनी भक्तांच्या श्रमातून खोदवला आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, असं परंपरा सांगते.

फोटोही इथूनच काढून घ्या. किल्ला तलावाच्या पश्चिमेला येतो, त्यामुळं सकाळचं ऊन थेट तटावर पडतं. संध्याकाळी तोच तट काळा दिसतो आणि मग मोबाइलवर "फोटो चांगले येत नाहीत" अशी तक्रार सुरू होते.

तिथून किल्ला. आजींना दारापर्यंत नेऊन आतल्या बागेत सावलीत बसवा. बुरुजांकडं जाणाऱ्या पायऱ्या उंच, झिजलेल्या आणि बऱ्याच ठिकाणी कठड्याशिवाय आहेत. भाच्याचा हात तिथं सोडायचा नाही. दहाच्या आत बाहेर पडा, नाश्ता करा, बारा ते चार घरी. ही चार तासांची सुट्टी कुणी मधे भरायला लागलं तर भरू देऊ नका. चारनंतर एकच ठिकाण : पूर्व भागातला माग किंवा नवी पेठ-चाटी गल्लीतली खरेदी. दोन्ही एका संध्याकाळी केलं तर दोन्ही अर्धवट होतं.

फिरायला घरची गाडी असली तरी जुन्या गावात रिक्षाच घ्या. बाळीवेस, मधला मारुती, टिळक चौक या भागात गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो. रिक्षा ठिकाणाप्रमाणं नाही, तासांवर ठरवा, थांबण्याचा वेळ धरून.

प्रश्न : किल्ल्यात मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. नुसती बाग आणि पडक्या भिंती. तिथं नेमकं दाखवायचं काय? (एक वाचक, होटगी रोड)

तुम्ही थेट आत शिरता, तिथंच घोटाळा होतो. भुईकोट बाहेरून समजतो. डोंगराचा आधार नाही, म्हणून संरक्षण पाण्याचं आणि भिंतींचं. तीन बाजूंना खंदक, पूर्वेला तलाव. मुलांना आधी खंदकाच्या कडेनं चालवा आणि विचारा, "तुला आत शिरायचं असतं तर कुठून शिरला असतास?" मग दुहेरी तट दाखवा. बाहेरची भिंत पडली तरी शत्रू दोन भिंतींच्या मधल्या पट्ट्यात अडकतो आणि आतल्या उंच तटावरून त्याच्यावर मारा होतो. दरवाजातून जाताना वाट सरळ नाही, वळते, हे त्यांच्याच तोंडून काढून घ्या. सरळ वाट ठेवली तर हत्तीला धावत येऊन दारावर धडक देता येते. वळणावर त्याला वेग घेता येत नाही.

आत गेल्यावर भिंतीतले कोरीव दगड शोधायला लावा. बहमनी काळात तट उभा करताना जुन्या देवळांचे दगड वापरले गेले. कुठं वेलबुट्टी, कुठं एखादी मूर्ती भलत्याच जागी बसवलेली सापडते. मुलांना हे शोधणं आवडतं. दगडांना हात लावू नका, त्यांवर चढू नका, हे मात्र आधीच सांगा. वास्तू संरक्षित आहे. उत्खननात उघडं पडलेलं मल्लिकार्जुनाचं देऊळ आणि खांबांची मशीद ही दोन ठिकाणं शेवटी ठेवा, म्हणजे आधी भिंतीत बघितलेल्या दगडांचा संबंध आपोआप लागतो.

मोठ्या माणसांना हुंड्याची गोष्ट सांगा, ती हमखास रंगते. १५२०च्या दशकात विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्नात सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं आणि तो दिला गेला नाही. त्या एका किल्ल्यापायी दोन घराणी कित्येक वर्षं लढली. पुढं निजामशाहीची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हाच किल्ला उलट दिशेनं हुंड्यात गेला. त्यानंतर १६८५मध्ये विजापूरवर निघालेल्या औरंगजेबाची छावणी सोलापुरात पडली आणि १८१८मध्ये इंग्रज सेनानी मन्रो यानं पेशव्यांकडून किल्ला घेतला. एवढी चार टप्प्यांची गोष्ट पुरे. सनावळ्या वाढवल्या की लोक मोबाइल काढतात.

तिकिटाचे सुटे पैसे जवळ ठेवा. तिपाई लावून फोटो काढायचे असतील किंवा ड्रोन उडवायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. दारावर हुज्जत घालून ती मिळत नाही.

प्रश्न : हैदराबादचे पाहुणे गड्ड्याला येऊ म्हणतात. कोणत्या दिवशी बोलवावं? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

'गड्डा' म्हणजे त्यांना होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं म्हणायचं आहे, की यात्रेतले विधी, हे आधी विचारा. पाळण्यांसाठी संक्रांत उलटून गेल्यावर कधीही बोलवा. तेव्हा गर्दी कमी आणि विक्रेत्यांचे भाव उतरलेले.

विधी बघायचे असतील तर क्रम असा : पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, मग होमप्रदीपन, त्यानंतर शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी. तारखा त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत बघून घ्या. एकच दिवस मिळणार असेल तर अक्षता सोहळा. सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, त्याची ही आठवण. बाळीवेसेजवळच्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. उंच काठ्या, सजवलेल्या, एका वेळी एकानं तोलायच्या. पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत. कट्ट्यावर संमती वाचन होतं आणि 'सत्यम सत्यम, दिड्यम दिड्यम' म्हणताच हजारो हातांतून अक्षता उडतात.

चूक इथं होते : लोक पाहुण्यांना थेट संमती कट्ट्यावर घेऊन जातात. उशिरा पोचलं तर पुढं फक्त डोकी दिसतात आणि गर्दीतून मागं फिरताही येत नाही. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर सकाळी मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीच्या घराची गॅलरी किंवा ओटा गाठा. नंदीध्वज तिथून जवळून दिसतात, सावरण्यासाठी चाललेली धडपडही दिसते. सोहळा हवाच असेल तर घरातली दोघं तरणी माणसं पाहुण्यांबरोबर वेळेच्या दोन-अडीच तास आधी जाऊन जागा धरतील असं बघा. गर्दीत मोबाइल लागत नाही, तेव्हा चुकलंच कुणी तर कुठं भेटायचं हे घरूनच ठरवून निघा.

होमप्रदीपनाच्या रात्री वासराच्या वागण्यावरून पाऊसपाण्याची भाकणूक होते. शहरी पाहुण्यांना ती फार आवडते, पण रात्री उशिरापर्यंत थांबायची तयारी हवी. जानेवारीतल्या सोलापूरच्या रात्री थंड असतात, स्वेटर सांगून ठेवा. "सोलापुरात थंडी कुठली" म्हणणारे पाहुणे शेवटी यजमानाचीच शाल पांघरतात.

प्रश्न : चादर घ्यायला नेलं की पाहुणे दुकानात गोंधळतात, मीही गोंधळतो. तीनशेचीही चादर 'सोलापुरी', हजाराचीही 'सोलापुरी'. खरी कशी ओळखायची? माग बघता येतो का? (एक वाचक, विजापूर रोड)

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण नाव छापायला कुणी अडवत नाही. मिश्र धाग्याच्या, दुसरीकडं विणलेल्या चादरी याच नावानं विकल्या जातात, विशेषतः हमरस्त्यावर आणि गाड्यांवर. परीक्षा अशी करा.

पहिलं, दोन्ही बाजू बघा. खरी चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, दुहेरी विणीची असते. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागं पांढऱ्या जमिनीवर लाल मोर, तितकाच स्पष्ट. मागची बाजू फिकट, लोंबत्या धाग्यांची किंवा छापील असेल तर खाली ठेवा.

दुसरं, वजन. दुहेरी सुती वीण जड लागते. सारख्या मापाच्या दोन चादरी दोन हातांवर घ्या, फरक लगेच कळतो. नेहमीची एकेरी चादर साधारण ६० बाय ९० इंच भरते. मोजपट्टी मागितली तर कोणताही धड दुकानदार देतो. मापात दोन-चार इंच कमी करून भाव खाली आणणं ही जुनीच युक्ती.

तिसरं, धागा. कडेचा सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक गोळी राहते. गरम गोळीला हात लावू नका, भाजतं.

चौथं, रंग. ओला पांढरा रुमाल गडद भागावर दहा-बारा वेळा घासा. नव्या चादरीचा किंचित रंग लागणं चालतं, रुमाल लाल झाला तर नको. पाहुण्यांना सांगून ठेवा : पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात, वाळवायची सावलीत. गरम पाण्याच्या यंत्रात इतर कपड्यांसोबत टाकली की चादर आटते, सगळे कपडे गुलाबी होतात आणि दोष सोलापूरला लागतो.

मागाबद्दल. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या पूर्व भागात यंत्रमागांचे कारखाने आहेत, पण ती चालती कामाची जागा आहे, संग्रहालय नाही. ओळखीतून आधी फोन करा, त्या दिवशी माग चालू आहे का, किती माणसं आणू, हे विचारा. पाच माणसांच्या वर नेऊ नका. आत आवाज इतका असतो की काही सांगता येत नाही, म्हणून काय बघायचं ते दारातच समजावून टाका : उभा ताणा बीमवरून येतो, आडवा बाणा धोट्यातल्या (इकडून तिकडं धावणाऱ्या नावेतल्या) कांडीवरून सुटतो आणि वर माळेसारखे फिरणारे भोकांचे पुठ्ठे कोणता धागा उचलायचा ते ठरवतात. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तो धागा वर येतो. नक्षी म्हणजे त्या भोकांचा हिशेब. एखादा पुठ्ठा फाटला किंवा क्रम चुकला की मोराच्या मानेत आडवी रेघ उमटते. कारागीर अशी रेघ लांबूनच हेरतो. तुमच्या पाहुण्यांत संगणकवाला कुणी असेल तर तो इथून लवकर हलणार नाही.

ओढणी, उपरणं, मोकळे केस बांधून घ्यायला लावा. धोटा सटकून अंगावर येऊ शकतो, म्हणून मागाच्या दोन्ही टोकांना उभं राहू नका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. इथली पद्मशाली मंडळी घरात तेलुगू बोलतात. हैदराबादच्या पाहुण्यांना दुभाषा लागणार नाही, उलट तुम्हालाच लागेल.

प्रश्न : चार हुतात्म्यांविषयी पाहुण्यांना सांगायचं असतं, पण पुतळ्यांपाशी उभं राहून चार मिनिटांत काय सांगणार? (एक शिक्षिका, मुरारजी पेठ)

चार मिनिटं पुरतात, क्रम नीट ठेवा. आधी गिरण्या. १८७७मध्ये निघालेल्या जुनी मिलपासून हे गिरणगाव वाढलं, म्हणजे एका हाकेसरशी रस्त्यावर उतरणारा कामगार इथं होता. मग ६ एप्रिल १९३०, नगरपालिकेवर तिरंगा. मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक, सोलापुरात मोर्चे, ८ मे रोजी गोळीबार, त्यानंतर काही दिवस इंग्रजी अंमल गावातून जवळजवळ उठलेला आणि १२ मेपासून लष्करी कायदा. शेवटी चार नावं, एकेक, पूर्ण : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंगात फाशी.

नावं वाचून दाखवू नका, पाठ म्हणा. आणि कोण कुठल्या समाजाचा हे सांगत बसू नका, नावांतूनच ते ऐकणाऱ्यांना कळतं. पुतळ्यांचा चौक रहदारीचा आहे. सकाळी आठच्या आत जा, नाहीतर अर्धं बोलणं हॉर्नमध्ये जातं. वेळ असेल तर तिथून महापालिकेची इंद्रभुवन इमारत बाहेरून दाखवा. वारद यांनी बांधलेला हा वाडा, दगडातली नक्षी बघण्यासारखी. कामाच्या दिवशी आवारात गाड्यांची गर्दी असते, रविवारी दर्शनी भाग मोकळा दिसतो.

प्रश्न : कंपनीत चिनी तंत्रज्ञ आले आहेत. त्यांना काय दाखवू? (एक वाचक, चिंचोळी)

भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं जन्मघर आहे, ते आता स्मारक आहे. १९१०मध्ये सोलापुरात जन्म, १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला रवाना, १९४२मध्ये तिथंच मृत्यू. चिनी पाहुण्यांना तुम्ही सांगण्याची गरज पडणार नाही, तेच तुम्हाला सांगतील. स्मारक उघडं आहे का, तेवढं आदल्या दिवशी बघून या.

प्रश्न : पाहुण्यांना शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून देते, पण पोचेपर्यंत भाकरीचा चुरा आणि चटणीला आठ दिवसांत वास. (एक गृहिणी, बाळे)

चटणीला वास येतो तो बहुधा ओल्या लसणामुळं. पाव किलो शेंगदाण्यांना १२-१५ पाकळ्या लसूण, दोन चमचे तिखट, एक चमचा जिरं, चवीपुरतं मीठ. दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजून पूर्ण गार करा. लसूण सोलून तासभर पंख्याखाली कोरडा होऊ द्या, धुऊ नका. उखळात कुटलं तर तेल हळूहळू सुटतं आणि चटणी ओलसर पण भरड राहते. मिक्सर सलग फिरवला तर तापतो, दाण्यांचं लोणी होतं आणि चटणी लवकर खवट होते. दोन-दोन सेकंद थांबत फिरवा. डबा भरायच्या आधी ताटात पसरून गार करा. महिनाभर टिकायला हवी असेल तर लसूण वगळा आणि पाहुण्यांना तसं सांगा.

भाकरी मऊ पडून मग मोडते. म्हणजे भाजताना मधे ओल राहिलेली असते. पातळ थापा, तव्यावरून काढल्यावर मंद आचेवर दाबून दोन्ही बाजू कोरड्या करा. वाकत नाही, टकटक वाजते, इतपत. गार झाल्यावरच रचा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, भाकरीच्याच मापाच्या स्टीलच्या डब्यात, वर-खाली कागदाची घडी, हलणार नाही इतकी गच्च.

प्रश्न : देवदर्शन नको म्हणणाऱ्या पाहुण्यांना एक दिवस गावाबाहेर कुठं न्यावं? (एक वाचक, सात रस्ता)

पावसाळा चांगला झाला असेल आणि ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर नळदुर्गचा किल्ला, हैदराबाद रस्त्यावर साधारण ५० किलोमीटर. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल आणि त्यावरून पडणारे नर-मादी धबधबे. बंधारा भरून वाहतोय का हे निघायच्या आधी तिथल्या कुणाला तरी विचारा, नाहीतर कोरडी भिंत बघून यावं लागतं.

हिवाळ्यात नान्नज, बार्शी रस्त्यानं २० किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं माळरान, पण माळढोक दिसेल असं आश्वासन देऊ नका. काळवीट मात्र बहुतेक वेळा दिसतात. पहाटे किंवा उन्हं कलताना, वन विभागाची परवानगी घेऊन, भडक कपडे घरी ठेवून.

अक्षरांची आवड असणाऱ्यांना हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेच्या संगमावर, सुमारे ४० किलोमीटर. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे आणि आवारात बहुमुखी शिवलिंग. अक्षरं झिजलेली आहेत. समोरून टॉर्च मारला तर काहीच दिसत नाही, टॉर्च तुळईला जवळजवळ टेकवून आडवा धरला की खाचांत सावली पडते आणि अक्षरं वर येतात. पीठ, खडू, हळद घासून वाचायचा प्रयत्न कुणी केला तर थांबवा, दगड खराब होतो. जेवणाची सोय तिथं धरून चालू नका. दशम्या, चटणी, दही घरून न्या आणि माणशी दोन लिटर पाणी. एप्रिल-मेमध्ये हा बेत करूच नका, पारा ४२च्या पुढं जातो आणि नदीकाठी सावलीला झाड शोधावं लागतं.